जुन्या फ्रेंच चांदीवरील ठसे



चांदीचें भांडें स्वतःविषयीं फार थोडें बोलतें. सोन्यांत हीण पडलें तर त्याचा रंग पुष्कळ वेळां चहाडी करतो. परंतु चांदीमध्यें पांचवा हिस्सा तांबें असलें, तरी लखलखीत घासून मांडलेल्या तबकाकडे पाहून घरच्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाहीं. चांदी विकत घेणारा मनुष्य म्हणून बहुधा विकणाराच्या शब्दावर विसंबतो. आपल्याकडे 'कसोटी', 'हिणकस', 'बावनकशी' हे सराफकट्ट्यावरचे शब्द नीतीच्या भाषेंत येऊन बसले आहेत. धातूचा कस काय किंवा माणसाचा कस काय, वरवर पाहून कळत नाहीं, हा अनुभव त्यांच्यामागें आहे.

ह्या अडचणीवर युरोपांतील कित्येक देशांनीं एक उपाय काढला. धातूची परीक्षा एकदां करावयाची आणि तिचा निकाल त्या धातूवरच ठोकून ठेवावयाचा, हा तो उपाय. लंडनच्या सोनारांच्या सभागृहांत, म्हणजे 'हॉल'मध्यें, अशी परीक्षा होई. त्यावरून 'हॉलमार्क' हा शब्द निघाला. फ्रेंच लोक ह्या ठशाला 'प्वाँसाँ' म्हणतात. जुन्या फ्रेंच चांदीवर असे ठसे एक नव्हे, तीन-तीन, चार-चार आढळतात. आणि पाहणाऱ्याचा गोंधळ येथूनच सुरू होतो. मुकुट, अक्षरें, कोंबडा, शिरस्त्राण घातलेली स्त्री, खेकडा, हंस, हीं सर्व चिन्हें शोभेसाठीं काढलेलीं आहेत असें प्रथम वाटतें. वास्तविक त्यांतील प्रत्येक ठसा एका ठराविक प्रश्नाचें उत्तर आहे, आणि त्या प्रश्नापलीकडे तो एक अक्षरहि बोलत नाहीं. कोणता ठसा कशाची साक्ष देतो, आणि कशाची देत नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे. नभोवाणीवरून चित्रें दाखवितां येत नाहींत. तेव्हां शब्दांनींच काम भागविलें पाहिजे.

फ्रान्समध्यें ह्या पद्धतीचा आरंभ फार जुना आहे. तिसरा फिलिप राजा गादीवर असतां १२७५ सालीं चांदीच्या कामावर त्या त्या गांवाची खूण असलीच पाहिजे, असा हुकूम निघाला. पुढें १३५५ सालीं दुसऱ्या जॉन राजाच्या कारकीर्दींत प्रत्येक उस्ताद कारागिरानें स्वतःचा वेगळा ठसा वापरावा, असें ठरलें. सतराव्या शतकाच्या अखेरीस ह्या व्यवस्थेला जें रूप आलें, तें १७८९ च्या राज्यक्रांतीपर्यंत टिकलें. त्या काळच्या पॅरिसमधील एखाद्या कॉफीपात्राचा तळ पाहिला, तर त्यावर चार ठसे असावयास पाहिजेत.

पहिला ठसा कारागिराचा. वर मुकुट, त्याखालीं लिलीचें फूल, दोन बारीक ठिपके, कारागिराच्या नांवाचीं आद्याक्षरें आणि त्याचें स्वतःचें एखादें चिन्ह, इतका मजकूर राईच्या कांहीं दाण्यांएवढ्या जागेंत बसविलेला असे. तोमा जेर्में ह्या राजाच्या नामांकित कारागिराचें चिन्ह मेंढ्याची लोकर हें होतें. त्या दोन ठिपक्यांना मोठा अर्थ आहे. त्या वेळीं शुद्ध चांदीचे १२ भाग कल्पीत व प्रत्येक भागाचे २४ ग्रेन मानीत. पॅरिसच्या भांड्यांत साडेअकरा भाग शुद्ध चांदी असावी असा नियम होता. आजच्या हिशेबानें ती हजारांत सुमारें ९५८ होते. परंतु मूस कितीहि सांभाळली तरी अणुरेणूचा फरक पडणारच. म्हणून कायद्यानें दोन ग्रेनांची सूट दिली होती. ते दोन ठिपके म्हणजे ही सूट. म्हणजे कारागीर आपल्या नांवाबरोबरच आपल्याला किती चुकण्याची मुभा आहे, हेंहि लिहून देत असे. पॅरिसमध्यें उस्तादांची संख्या ३०० ह्या मर्यादेंत ठेवलेली होती. प्रत्येकाचा ठसा सोनारांच्या श्रेणीच्या कचेरींत एका तांब्याच्या पत्र्यावर उमटवून घेत, म्हणजे पुढें वाद उपस्थित झाला तर पडताळा पाहतां यावा.

दुसरा ठसा कराच्या नोंदीचा. चौदाव्या लुईला युद्धांसाठीं पैशाची सदैव निकड. १६७२ सालीं त्यानें सोन्याचांदीच्या कामावर कर बसविला, आणि तो वसूल करण्याचा मक्ता दिला. भांडें अर्धवट घडलेलें असतांनाच मक्तेदाराच्या कचेरींत न्यावें लागे. तेथें त्यावर एक मोठा ठसा बसे. त्याचा अर्थ इतकाच कीं, ह्या वस्तूवर कर देणें आहे. ह्या ठशांत त्या प्रांताचें अक्षर असे. पॅरिसला 'ए', रुआँला 'बी', लियोंला 'डी', बोर्दोला 'के', अशीं टांकसाळींच्या नाण्यांवर असत तींच हीं अक्षरें होत. भांडें कोणत्या भागांतलें, ह्याचें उत्तर ह्या ठशांत मिळतें.

तिसरा ठसा श्रेणीच्या पंचांचा, आणि कसाविषयींची खरी साक्ष हाच देतो. त्याच्यामागची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. भांड्यावरून थोडीशी चांदी खरवडून काढीत आणि ती काट्यावर तोलीत. मग शिशाच्या तुकड्यांत गुंडाळून हाडांच्या राखेच्या एका लहानशा वाटींत ती भट्टींत ठेवीत. शिसें वितळून जळूं लागलें कीं चांदींतील तांब्यालाहि बरोबर घेऊन तें त्या राखेंत मुरून जाई, आणि वाटीच्या तळाशीं शुद्ध चांदीचा एक चकचकीत मणी उरे. तो पुन्हां तोलला कीं मूळ वजनांत शुद्ध चांदी किती होती, हें निघे. परीक्षा उतरली तर पंच आपला ठसा मारीत. न उतरली तर भांडें मोडून टाकीत. ह्या ठशांत मुकुटाखालीं एक अक्षर असे आणि तें दरवर्षीं नव्या पंचांबरोबर बदले. आज आपण ह्या अक्षरावरून भांड्याचें वर्ष काढतों. परंतु संग्राहकांची सोय व्हावी म्हणून तें कोणीं घातलें नव्हतें. हिणकस माल पुढें कधीं सांपडला, तर तो कोणाच्या कारकीर्दींत पार पडला हें कळावें आणि त्या पंचाला जाब विचारतां यावा, हा त्याचा हेतु होता.

चौथा ठसा करभरपाईचा. भांडें पुरें झालें, घोटून तयार झालें, कर भरला, कीं मक्तेदार एक इवलासा ठसा मारी. तयार कामाला इजा पोंचूं नये म्हणून तो लहान असे. आतां माल विकावयास मोकळा झाला.

ह्या चार ठशांचा मेळ घालून वर्ष कसें काढतात, त्याचें एक उदाहरण देतों. पॅरिसच्या एका भांड्यावर पंचांचें अक्षर 'ए' आहे असें समजा. हीं अक्षरें २३ होतीं आणि तीं संपलीं कीं पुन्हां पहिल्यापासून सुरू होत. त्यामुळें 'ए' म्हणजे १७४१ हि असूं शकेल आणि १७६४ हि असूं शकेल. केवळ अक्षर पाहून बोलणारा येथें तेवीस वर्षांनीं चुकेल. पण मक्तेदार दर कांहीं वर्षांनीं बदलत, आणि प्रत्येक नवा मक्तेदार आपले ठसे नव्यानें कोरवून घेई. १७३८ ते १७४४ पर्यंत मक्ता लुई रोबँ ह्याच्याकडे होता, आणि १७६२ ते १७६८ पर्यंत प्रेव्हो ह्याच्याकडे. शेजारीं रोबँचे ठसे असतील तर वर्ष १७४१, प्रेव्होचे असतील तर १७६४. एका साक्षीदारानें अर्धवट सांगितलेली गोष्ट दुसरा पुरी करतो. आणि दोघांचें जुळत नसेल, म्हणजे 'ए' ह्या अक्षराशेजारीं मधल्याच कोणा मक्तेदाराचा ठसा असेल, तर त्या भांड्याविषयीं संशय घ्यावयास पुरेसें कारण झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ह्या चार ठशांचे धनी एकमेकांचे मित्र नव्हते. कारागिराला माल लौकर विकावयाचा होता. मक्तेदाराला एकहि भांडें कराविना निसटूं द्यावयाचें नव्हतें. पंचांना आपल्या श्रेणीचें नांव राखावयाचें होतें. कोणा एकाच्या सज्जनपणावर ही रचना उभी नव्हती. प्रत्येकाचा स्वार्थ दुसऱ्यावर नजर ठेवी, आणि गिऱ्हाइकाला मिळणारा भरंवसा हें त्या परस्पर संशयाचें फळ होतें.

इतका बंदोबस्त असूनहि सतराव्या शतकांतील फ्रेंच चांदी आज फारच विरळा दिसते. ह्याला चोर कारण नाहींत, राजे कारण आहेत. चांदीचें भांडें म्हणजे वेगळ्या आकारांतील नाणेंच. तिजोरी रिकामी झाली कीं तें मुशींत जावयाचें. १६८९ सालीं चौदाव्या लुईनें व्हर्सायच्या राजवाड्यांतील चांदीचीं मेजें, शमादानें, कुंड्या, सगळें सामान वितळविलें. त्यांतून सुमारें २० टन चांदी निघाली असें सांगतात. १७०९ मध्यें आणि पुन्हां पंधराव्या लुईच्या अमदानींत १७५९ मध्यें तेंच झालें. त्यामुळें फ्रेंच कारागिरांचें उत्तमांतलें उत्तम काम पाहावयाचें, तर पुष्कळदां फ्रान्सच्या बाहेर जावें लागतें. १७५५ च्या भूकंपांत लिस्बन उद्ध्वस्त झाल्यावर पोर्तुगालच्या राजानें तोमा जेर्मेंचा मुलगा फ्राँस्वा-तोमा ह्याच्याकडून मोठा भोजनसंच करविला; त्यांतील भांडीं आजहि लिस्बनच्या संग्रहालयांत आहेत. परदेशीं गेलीं, म्हणून तीं वांचलीं.

राज्यक्रांति झाली आणि ही सगळी घडी विस्कटली. १७९१ सालीं कारागिरांच्या श्रेणीच मोडल्या. पंच नाहींत, मक्तेदार नाहींत. कोणींहि भांडें घडवावें आणि कोणताहि छाप मारावा, अशी सहा वर्षें गेलीं. ह्या मधल्या काळांतील चांदीचे ठसे वाचणें सर्वांत कठीण, हें सांगावयास नको. अखेर ९ नोव्हेंबर १७९७ च्या कायद्यानें सरकारनें परीक्षेचें काम स्वतःच्या हातीं घेतलें. आज आपल्या दृष्टीस पडणारी बहुतेक फ्रेंच चांदी ह्या कायद्यानंतरची आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

नव्या व्यवस्थेंत ठसे तीन झाले. कारागिराचा ठसा आतां शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटींत आला; आंत आद्याक्षरें आणि एक चिन्ह. नेपोलियनच्या पदरीं असलेल्या बियेने ह्या कारागिराचें चिन्ह माकड होतें, कारण त्याच्या दुकानावर जांभळ्या माकडाची पाटी होती. ओदियो ह्याचें चिन्ह जुन्या घाटाचा दिवा. दुसरा ठसा कसाचा. चांदीच्या दोन प्रती ठरविल्या: पहिली हजारांत ९५० शुद्ध, दुसरी ८००. तिसरा ठसा सरकारी हमीचा, म्हणजे परीक्षा झाली आणि कर भरला ह्याचा. कसाच्या ठशांत आरंभीं कोंबडा होता. १८०९ सालीं त्याची ढब बदलली. १८१९ सालीं त्याच्या जागीं वृद्ध पुरुषाचें मस्तक आलें. आणि १० मे १८३८ पासून शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवी आली. तिच्या बाजूला १ असेल तर ९५० चा कस, २ असेल तर ८०० चा. काटे-चमच्यांपासून मोठ्या सुरईपर्यंत सर्वत्र दिसणारी फ्रेंच मुद्रा ती हीच. ज्यांवर ती बसणार नाहीं अशा बारीक वस्तूंवर पॅरिसमध्यें रानडुकराचें मस्तक आणि इतर जिल्ह्यांत खेकडा उमटवीत.

ठसे बदलण्याचें कारण हौस नव्हतें. खोटे ठसे कोरणारे जिवंत होते, तोंवर खरे ठसे बदलत राहणें भाग होतें. १८१९ सालीं तर एक मोठी चतुर युक्ति निघाली. ठसा मारतांना भांडें ज्या ऐरणीवर टेकवीत, त्या ऐरणीवरच अगदीं बारीक कीटकांच्या आकृत्या कोरल्या. वरून हातोडा पडला कीं दर्शनी बाजूला ठसा उमटे, आणि त्याच क्षणीं मागील बाजूला कीटकाचा पाय, पंख असें कांहींतरी उमटे. खोटा ठसा बनविणें एक वेळ साधेल. पण त्याच्या बरोबर पाठीमागें असें सूक्ष्म नक्षीकाम उमटविणें फार अवघड. जाणता मनुष्य म्हणून ठशाची पुढची बाजू पाहून थांबत नाहीं. भिंग घेऊन तो पाठीमागची बाजूहि तपासतो.

आतां ज्या ठिकाणीं सामान्य गिऱ्हाईक फसतें, तीं ठिकाणें पाहूं. पहिलें, मिनर्व्हा दिसली म्हणजे भांडें फार जुनें, असा समज. मिनर्व्हाचा ठसा १८३८ पासून १९७३ पर्यंत जवळजवळ एकाच रूपांत चालला आणि त्यानंतरहि थोड्या फेरफारांनीं चालू राहिला. ती कसाची साक्ष देते, वयाची नव्हे. वय काढावयाचें तर शंकरपाळ्यांतील कारागीर कोण आणि तो कोणत्या वर्षांत काम करी, हें शोधलें पाहिजे.

दुसरें, मुलामा. १८४२ सालीं क्रिस्तोफ्ल ह्या पॅरिसच्या कारखानदारानें विजेच्या साहाय्यानें चांदीचा मुलामा देण्याचे हक्क विकत घेतले आणि अशीं भांडीं मध्यम स्थितींतल्या घरांत पोंचलीं. त्यांच्यावरहि कारखान्याचा ठसा असतो, पण कायद्यानें त्याची चौकट चौरस ठेवली आहे. शंकरपाळा म्हणजे भरीव चांदी, चौरस म्हणजे मुलामा, हा भेद भिंगानें तत्काळ दिसतो. अशा चमच्यांवर पुष्कळदां ८४ हा अंक असतो. कोणी त्याला चांदीचा कस समजतात, कारण जुन्या रशियन चांदीवर ८४ हा अंक खरोखरच कसाचा असे. फ्रेंच मुलाम्याच्या चमच्यावर मात्र बारा चमचे व बारा काटे मिळून ८४ ग्रॅम चांदी चढविली आहे, इतकाच त्याचा अर्थ. एकच अंक दोन देशांत दोन गोष्टी सांगतो.

तिसरें, हंस. १८९३ पासून ज्या चांदीचें मूळ ठाऊक नाहीं किंवा जी परदेशांतून आली, तिच्यावर हंस उमटवूं लागले. त्यापूर्वीं १८६४ पासून करार झालेल्या देशांतून येणाऱ्या मालासाठीं धान्याला लागणाऱ्या सोंडकिड्याचें चिन्ह होतें. म्हणजे हंसाचा ठसा फ्रान्समध्येंच मारलेला, पण भांडें फ्रान्सचें असल्याबद्दल तो कांहींच ग्वाही देत नाहीं.

चौथें आणि सर्वांत वाईट, कलम केलेले ठसे. क्रांतीपूर्वीच्या भांड्याची किंमत धातूच्या वजनाच्या कितीतरी पट असते. म्हणून एखाद्या मोडक्या चमच्यावरचे अस्सल ठसे कापून ते नव्या, मोठ्या पात्राच्या तळाशीं झाळून बसविण्याची लबाडी जुनी आहे. ठसे खरे, भांडें खोटें! ह्यावर एक साधा उपाय आहे. ठशांच्या जागेवर तोंडानें वाफ सोडावी. बाष्प धरून पृष्ठभाग धूसर झाला कीं जोडाची रेषा पुष्कळदां दिसूं लागते. तसेंच, झांकण वेगळें होणारें असेल तर त्यावरहि ठसे असावेत आणि ते भांड्यावरच्या ठशांशीं जुळावेत. कारागिराचा हातोडा पडण्यापूर्वीं बसलेला ठसा पुढच्या कामांत किंचित् ताणला जातो. भांड्याची वाकणी एकीकडे आणि ठसा मात्र अगदीं सपाट, रेखीव, असें दिसलें तर हात आंवरावा. उलट सगळेच ठसे बोथट आणि रवाळ असतील, तर अस्सल भांड्यावरून सांचा घेऊन केलेली ती नक्कल असण्याचा संभव आहे.

फ्रेंच चांदीचा हा विषय मराठी घराण्यांना सर्वस्वीं परका नाहीं. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, ह्यांनीं १९३० च्या सुमारास माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस ह्याच्याकडून बांधवून घेतला, तेव्हां पॅरिसच्या झां प्युइफोर्का ह्याची चांदी तेथें मेजावर आली. प्युइफोर्का घराण्याच्या शंकरपाळ्यांत दोन अक्षरांच्या मधोमध एक चाकू असतो. बिननक्षीच्या, केवळ रेषांच्या सौंदर्यावर उभ्या असलेल्या त्या नव्या धर्तीच्या कामावरहि जुन्या शिस्तीची ही खूण आहेच.

तेव्हां एखादें फ्रेंच भांडें हातीं आलें तर घाई न करतां क्रम धरावा. प्रथम चौकट पाहावी: शंकरपाळा कीं चौरस. मग सरकारी ठसा पाहावा: मुकुट, कोंबडा, वृद्ध, मिनर्व्हा कीं हंस, म्हणजे कालखंड आणि कस कळेल. मग कारागिराचें चिन्ह शोधावें. आणि शेवटीं सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारावा: ह्या सगळ्या साक्षी एकमेकींशीं आणि भांड्याच्या घाटाशीं जुळतात काय? एकटा ठसा फार थोडें सांगतो. जुळणारे ठसे पुष्कळ सांगतात.

आपल्या देशांत सोन्याच्या दागिन्यांवर सरकारमान्य ठसा उमटविण्याची योजना भारतीय मानक ब्यूरोनें २००० सालीं सुरू केली, चांदीसाठीं २००५ मध्यें. आणि २०२१ च्या जूनपासून सोन्यावर तो टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. प्रत्येक दागिन्याला आतां सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण मिळते. मुलीच्या लग्नासाठीं पै-पै सांठविणारें कुटुंब जेव्हां त्या बारीक खुणेवर विसंबतें, तेव्हां पॅरिसच्या पंचांचा जुना प्रश्नच त्याच्यापुढें असतो. दुकानदार भला आहे काय, हें गिऱ्हाइकानें ओळखावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. ज्याचा दुकानदाराशीं कांहीं लागाबांधा नाहीं, अशा तिसऱ्या माणसानें परीक्षा करावी आणि तिची जबाबदारी आपल्या खुणेनिशीं पत्करावी, ह्यांतच गिऱ्हाइकाचें संरक्षण आहे. ती खूण वाचण्याची तसदी मात्र ज्याची त्यानेंच घेतली पाहिजे.